आगमन दिन गंगेवर: ढोल की वह्या?

गोदाकाठ:
काल कुणीतरी टाकलंय की २ नोव्हेंबरला गंगेवर, म्हणजे आपल्या नाशकातल्या गोदाघाटावर, ‘स्थलांतर वारसा उत्सव’ करायचा. दोन ढोलपथकं, वेशभूषा स्पर्धा, बारा स्टॉल आणि ‘इतिहासासाठी गेटवर एक फ्लेक्स’. त्या एका फ्लेक्सवरून डोकं फिरलं म्हणून एवढं लिहितोय. २ नोव्हेंबर ही मॉरिशसची तारीख. १८३४ साली ‘अ‍ॅटलस’ जहाजातून करारावरचे मजूर पोर्ट लुईला आले ती. त्रिनिदादची ३० मे १८४५, सुरीनामची ५ जून १८७३, फिजीची १४ मे १८७९. चारही जहाजं कोलकात्याहून सुटलेली. नाशिकचा धागा हवा तर शरणपूरला या. अरबी समुद्रात गुलामांची गलबतं पकडली की सुटका झालेली आफ्रिकन मुलं तिथल्या मिशनच्या वसाहतीत ठेवायचे, सुतारकाम-लोहारकाम शिकवायचे. तिथे शिकलेला जेकब वेनराइट १८७४ मध्ये आफ्रिकेत वारलेल्या संशोधक लिव्हिंगस्टनच्या शवपेटीबरोबर थेट इंग्लंडला गेला. १८७५ च्या सुमारास त्यांतले बरेच जण मोंबासाजवळ फ्रिअर टाउनला वसवले गेले. हे एका फ्लेक्सवर मावणार?

ढोलताशा:
साहेब, गंगेवर फलक वाचायला कोणी येत नाही. पथकामुळे गर्दी होते, त्यातले चार जण फलकाशी थांबतात. बरं, तुमच्यासारख्यांचे फलक म्हणजे प्रबंध. सहा बाय चारच्या फ्लेक्सवर पन्नास-साठ शब्दांच्या वर गेलात की अक्षर बारीक होतं आणि मागच्या रांगेला नुसत्या रेघा दिसतात. चकचकीत छापू नका, हॅलोजन पडला की मधोमध पांढरा डाग. मॅट छापा, दिवा वरून तिरका. घाटावर वारा असतो, म्हणून फ्लेक्सला अर्धचंद्राकृती काप द्या, नाहीतर शिडासारखा फुगून बांबूसकट आडवा होईल. आणि मॉरिशसमध्ये मराठी आहेत म्हटलं! कोकणातून मुंबई बंदरानं गेलेले. गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते. मग ढोलाचंच एवढं वावडं का?

कॅम्पातला:
बारा स्टॉलपैकी नऊ पावभाजीचे निघणार, लिहून घ्या. मॉरिशसचं नाव घेताय तर डाळपुरी ठेवा. वाटाण्याची पिवळी डाळ हळद घालून शिजवायची, दाणा नखानं मोडला पाहिजे पण आख्खा राहिला पाहिजे. गाळ झाली की सारण ओलं होतं आणि लाटताना पुरी फाटते. निथळून पार गार झाल्यावरच भाजलेलं जिरं घालून दळा, गरम दळली तर गोळा होतो. डाळीचं पाणी फेकू नका, त्यातच मैदा भिजवायचा. पुरणपोळीचा हात असलेल्या बाईला जड नाही. आणि फाळणीनंतर देवळालीत सिंधी निर्वासित आले, त्यांचं दाल-पकवान यादीत का नाही? जहाजात बसला तोच स्थलांतरित का?

जुनीवही:
खाण्याचं नंतर बघा. खरा ठेवा गंगेवरच आहे, तीर्थोपाध्यायांच्या नामावळीत. कोण आला, बाप-आजा कोण, मूळ गाव कोणतं, कधी आला, सगळं हातचं लिहिलेलं. परदेशातून कुळ शोधत येणारे आडनावानं शोधतात आणि हात हलवत परत जातात. तिकडच्या कारकुनानं ऐकलं तसं लिहिलं, बापाचं नाव पुढे आडनाव झालं. मॉरिशसचे मजुरांचे कागद तिथल्या मोका गावातल्या महात्मा गांधी संस्थेत आहेत. तिथून आधी गाव आणि बापाचं नाव मिळवा, मग इथे गावाची वही मागा. जुनी पानं मोडी लिपीत, म्हणून वाचणारा सोबत हवा. सालं शकाची असतात, त्यात ७८ मिळवा. पण माघ-फाल्गुनाची किंवा त्याआधीची जानेवारीत पडणारी नोंद असेल तर ७९, नाहीतर एक वर्ष चुकतं. उत्सवाचे पैसे ढोलात घालण्यापेक्षा या वह्यांचे फोटो काढा.

मळ्यावरून:
वा. आणि ज्यांना गंगेवरच येऊ दिलं नाही त्यांची वही कुठे शोधायची? काळारामाचा सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू झाला, तो हौस म्हणून नाही. मजूर म्हणून जहाजात चढलेल्यांत दलित-आदिवासी किती होते ते जरा वाचा, मग नामावळीचे गोडवे गा.

जुनीवही:
सगळ्यांचीच नावं आहेत असं मी कुठे म्हटलं? सगळी नाहीत म्हणून आहेत ती वाळवीला द्यायची?

गोदाकाठ:
फोटो काढायचे तर नीट. सपाट स्कॅनरवर वही दाबली की शिवण उसवते. दोन उशांवर अर्धवट उघडी ठेवा, दोन्ही बाजूंनी तिरका उजेड, फ्लॅश नको. एकानं पान उलटायचं, दुसऱ्यानं फोटो. दर पानाला क्रमांकाची चिठ्ठी, नाहीतर हजार फोटोंत कोणती वही कुठली ते कळत नाही.

ढोलताशा:
आणि उपाध्ये देतील? वह्या त्यांच्या घरच्या, त्यांवरच यजमान टिकून आहेत. पाचशे लोकांसमोर कोणाच्याही खापरपणजोबाचं पान उघडणार का?

जुनीवही:
नाही देणार, हे मान्य. तुम्ही एक तरी बरोबर बोललात. मग असं करा: कुळाचा माणूस समोर असेल तर त्याचंच पान, त्याच्याच परवानगीनं. नेटवर काहीही टाकायचं नाही.

मळ्यावरून:
तुमचं १८३४ चालू द्या. पेठ-सुरगाण्याच्या टोळ्या आत्ता निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत उतरल्यात, ऑक्टोबर छाटणीनंतरच्या फेलकाढणीला (नको त्या फुटी काढायला) आणि पुढे डिपिंगला (घड औषधात बुडवायला), एकरी उक्त्यानं. मुकादम, उचल, बिऱ्हाड पाठीवर. हे स्थलांतर नाही? २ नोव्हेंबरला त्यांना तुमच्या उत्सवाला यायला वेळच नाही, फूट वाढली की फेलकाढणी थांबत नाही.

कॅम्पातला:
मग आठवडी बाजाराच्या दिवशी ठेवा, त्या दिवशी टोळी सुट्टी घेते.

ढोलताशा:
म्हणजे आता तारीखही मॉरिशसची नाही. बरं. पण पथक येणार, ध्वनिक्षेपक दहाला बंद, हे लिहून घ्या. टोळीच्या मुकादमाशी बोलायचं काम ‘मळ्यावरून’ यांनी करावं. नुसतं टोचून चालणार नाही.

मळ्यावरून:
बोलतो. पण आधी सांगा, त्या दिवसाची मजुरी कोण देणार?