द्वारका बुडाली तेव्हा कवच कुठे होतं?

शर्वरी: परवा एका प्रवचनात ऐकलं, समुद्राने द्वारका गिळली पण कृष्णाचं मंदिर नारायणकवच या रक्षणाच्या स्तोत्रामुळे वाचलं, म्हणून रोज कवच म्हणा, पूर-भूकंप घराला शिवणार नाहीत. हे ऐकून अस्वस्थ झाले. श्रीकृष्णाचं निवासस्थान सोडून बाकी नगरी बुडाली, असं भागवताच्या अकराव्या स्कंधात आहे खरं. पण तिथे कवचाचा उल्लेखही नाही. नारायणकवच येतं सहाव्या स्कंधात. देवांचा पुरोहित विश्वरूप ते इंद्राला देतो आणि पुढच्याच अध्यायात इंद्र त्याच विश्वरूपाची मस्तकं छाटतो. ज्याने कवच दिलं तोच वाचला नाही! महाभारतातलं मौसलपर्व आणखी कठोर आहे. द्वारकेतल्या लोकांना घेऊन निघालेल्या अर्जुनावर आभीर लुटारू तुटून पडतात, तो अस्त्रांचं स्मरण करू जातो आणि ती आठवतच नाहीत. अस्त्र म्हणजे शेवटी मंत्रच ना? ग्रंथ इतकं स्पष्ट सांगत असताना आपण भाबड्या लोकांना हमी कशी देतो?

वाळूचा_किल्ला: हमी देऊ नये, मान्य. पण अर्जुनाचा प्रसंग तुम्ही उलटा लावताय. कृष्ण गेला म्हणून अस्त्रं गेली. शक्ती अक्षरांची नव्हतीच, ज्याला हाक मारायची त्याची होती. रामरक्षेत बघा, ‘शिरो मे राघवः पातु’. ‘पातु’ म्हणजे ‘रक्षण करो’. ही विनवणी आहे, करार नव्हे. मागच्या वर्षी एमआरआयच्या नळीत पडलो होतो, जीव घुसमटला. मस्तकापासून पावलांपर्यंत एकेका अवयवावर राम ठेवत गेलो आणि हललो नाही. कोणी याला नुसती मनाची समजूत म्हटलं तर मला ते पटणार नाही.

दर्यावर्दी: तुम्ही दोघं कथेतच अडकलात. द्वारका सापडली आहे! १९८० च्या दशकात डॉ. एस. आर. राव यांच्या पथकाने द्वारका आणि बेट द्वारकेच्या समुद्रात बांधकामं आणि तीन छिद्रांचे दगडी नांगर शोधले. भागवत सांगतं, कृष्णाने समुद्रात बारा योजनांचा दुर्ग बांधला. बुडालेली नगरी खरी, तर कवचही खरं.

शर्वरी: नांगर सापडला म्हणजे बंदर सापडलं. तेवढ्यावरून ते कृष्णाचंच नगर ठरत नाही. रावांच्याच संस्थेतल्या पुढच्या संशोधकांनी त्यातले बरेच नांगर ऐतिहासिक, म्हणजे बऱ्याच नंतरच्या काळातले मानले आहेत. रावांचं काम मोठंच, आपल्याकडे समुद्राखालचं पुरातत्त्व त्यांनी उभं केलं. पण त्यांच्या दगडांवर मंत्राची सिद्धी टांगू नका. उद्या आणखी कुणी वेगळा काळ सांगितला, तर रामरक्षा म्हणणं सोडणार का?

दर्यावर्दी: नाही सोडणार.

शर्वरी: मग दगडांचा आधार कशाला? वाळूचा_किल्ला, एमआरआयबद्दल मी काहीच हरकत घेत नाही. माझी आजी आजारपणात तेच करायची. माझा राग ‘पूर येणार नाही’ म्हणणाऱ्यांवर आहे. नदीकाठचा माणूस त्या भरवशावर घर सोडत नाही.

वाळूचा_किल्ला: हे मात्र खरं. मौसलपर्वात समुद्र मागोमाग येताना लोक पाठ करत बसले नाहीत, नगर सोडून भराभर निघाले. आणि अस्त्रं आठवेनात, बाणही संपले, तेव्हा अर्जुनाने धनुष्याच्या टोकानेच दस्यूंना मारलं. प्रवचनकारांना हा भाग विचाराल का? पुढच्या वेळी मीही येतो.