किल्ली लपवणाऱ्या लेकीस, आणि तिला टाळ्या देणाऱ्यांस

फियाटवाले काका:
काल इथे एका ताईंनी लिहिलं की वडील ७६ चे झाले, म्हणून त्यांच्या गाडीची किल्ली लपवली. "सर्व्हिसिंगला दिलीय" असं दोन महिने सांगितलं आणि शेवटी गाडी विकून टाकली. खाली बदामांचा पाऊस. शाब्बास! बापाशी खोटं बोलायचं आणि त्याला काळजी म्हणायचं. तो माणूस दोन महिने गॅरेजवाल्याला फोन लावत बसला असेल, हे कुणाच्या डोक्यात आलं का?

मी ७४ चा. माझं लायसन्स पुढच्या महिन्यात संपतंय आणि मी ते रिन्यू करणार नाही. पण हे मी ठरवलंय. १९७६ साली भावाच्या फियाटवर शिकलो, स्टिअरिंगपाशी गिअर असायचा ती. खंबाटकीला बोगदा नव्हता तेव्हा समोरून येणाऱ्या ट्रकांना तोंड देत साताऱ्याला नेलेली आहे गाडी. सोडायची तर माझ्या हातांनी सोडेन.

मोगरा:
ती ताई मीच. काका, तीनदा समोर बसून सांगितलं. बाबांना काचबिंदू आहे. समोरचा सिग्नल दिसतो, बाजूने येणारी बाईक दिसत नाही. रिन्यूअलला फॉर्म १ए लागतो ना, डॉक्टरच्या सहीचा? तो ब्रिजच्या ग्रुपमधल्या मित्राने चहा पिता पिता भरून दिला. मित्र त्वचारोगतज्ज्ञ. आणि हो, गॅरेजवाल्याला फोन केले त्यांनी. मला माहीत आहे. रात्री झोप येत नाही त्याने. बस?

गतिरोधक:
मोगराताईंना पूर्ण पाठिंबा. पंचावन्ननंतर पाच-पाच वर्षांनी रिन्यूअल म्हणजे गंमत आहे. सत्तरीनंतर दरवर्षी ट्रॅकवर टेस्ट घ्या. आमच्या सोसायटीतले एक आजोबा गेटपासून पार्किंगपर्यंत पहिल्या गिअरमध्ये कोकलत येतात.

सदाशिवशेठ:
पहिल्या गिअरमध्ये कोणी मरत नाही. पहाटे तीनला दारू पिऊन दीडशेने जाणारे पंचविशीतले असतात. त्यांची किल्ली कोण लपवतं?

निशिकासाईकर:
टोकियोत राहतो म्हणून सांगतो. इथे १९९८ पासून लायसन्स स्वतःहून परत देण्याची सोय आहे, पंचाहत्तरीनंतर रिन्यूअलला स्मरणशक्तीची चाचणी. २०१९ मध्ये इकेबुकुरोत ८७ वर्षांच्या आजोबांच्या गाडीखाली मायलेकी गेल्या. त्या एका वर्षात सहा लाखांवर लोकांनी लायसन्स परत दिलं. बदल्यात एक दाखला मिळतो, तो ओळखपत्र म्हणून चालतो आणि बऱ्याच गावांत बस-टॅक्सीला सवलत मिळते.

फियाटवाले काका:
छान. आता येताना तिथल्या बसही घेऊन या. आमच्या स्टॉपवर बस थांबते ती स्टॉपच्या पुढे वीस पावलं, रस्त्याच्या मधोमध. पायरी माझ्या गुडघ्याएवढी.

लालपरी:
एसटी आहे की! ६५ ला अर्धं तिकीट, ७५ ला पूर्ण माफ. २०२२ पासून.

फियाटवाले काका:
बायकोला फिजिओथेरपीला कर्वेनगरला न्यायचं असतं, पंढरपूरला नाही.

गतिरोधक:
आणि ते "माफ" आमच्या टॅक्समधून, बरं का.

सदाशिवशेठ:
अरे वा. रेल्वेची सवलत मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या नावाखाली काढली. पुरुषांना ४० टक्के होती, बायकांना ५०. कोरोना गेला, सवलत आलीच नाही. आम्ही टॅक्स भरत होतो तेव्हा तुम्ही दुपट्यात होतात.

गतिरोधक:
म्हणून मी आयुष्यभर उपकार फेडू? ज्यांना पेन्शन आहे त्यांना कशाला हवी सवलत?

सदाशिवशेठ:
खाजगी कंपनीत होतो. पेन्शन किती येते ते इथे लिहिलं तर तुम्हालाच लाज वाटेल.

लालपरी:
खासदारांचे पास बंद करा आधी.

मोगरा:
रेल्वेचा धागा वेगळा काढा हो कुणीतरी! काका, एक विचारू? तुम्ही स्वतःहून ठरवलंत म्हणता. कशावरून ठरवलंत?

फियाटवाले काका:
टाळणार होतो. सांगतो.

दिवाळीच्या आधी पार्किंगमधून रिव्हर्स घेत होतो. मागे कट्ट असा आवाज आला. उतरून पाहिलं तर दुसऱ्या मजल्यावरच्या पोराची सायकल चाकाखाली. पोरगं पाणी प्यायला वर गेलं होतं. मी आरशात पाहिलं होतं, शपथेवर सांगतो. पाहिलं होतं आणि दिसली नव्हती. नवी सायकल आणून दिली. हिला "खांबाला घासली" म्हणून सांगितलं. म्हणजे खोटं मीही बोललोच. ते तुम्हाला हवं तर जमेस धरा.

पण तुमच्या वडिलांना त्यांचं "कट्ट" ऐकू येऊ द्यायला हवं होतं, हे माझं मत कायम आहे.

मोगरा:
आणि खाली सायकलऐवजी पोरगं असतं तर?

फियाटवाले काका:
...बरं. तिथे माझ्याकडे उत्तर नाही. पण किल्ली मागून घ्यायची होती, लपवायची नव्हती.

मोगरा:
चौथ्यांदा? मागून पाहा तुम्ही, आमच्या बाबांकडे.

गतिरोधक:
काका, मग गाडी विकताय का? मॉडेल कुठलं?

फियाटवाले काका:
नाही विकत. रविवारी खाली जाऊन दहा मिनिटं नुसती चालू ठेवतो, बॅटरी उतरू नये म्हणून. यावर कुणी सल्ला देऊ नये.

लालपरी:
दहा मिनिटांनी काही होत नाही काका, निगेटिव्हची वायर काढून ठेवा.

फियाटवाले काका:
देऊ नये म्हटलं होतं.