सातबारावर २० आर, मुलीच्या पट्टीने १०! चूक कुठे आहे?

बोरीचंझाड:
मुलगी दहावीला आहे. समरूपतेचं प्रकरण नुकतंच झालंय, त्यामुळे गावी गेल्यावर "आपल्या शेताचं क्षेत्रफळ नकाशावरून काढते" असा तिनेच हट्ट धरला. ट्रंकेत मोजणी नकाशाची झेरॉक्स होती. त्यावर 'प्रमाण १:१०००' छापलंय. म्हणजे १ सेमीला १० मीटर, इथपर्यंत मलाही कळतं. आमचा तुकडा जवळजवळ आयताकृती आहे. पट्टीने ४.२ सेमी लांब, २.४ सेमी रुंद भरला. ४२ × २४ = १००८ चौ. मी., म्हणजे १० आर. सातबारावर २० आर आहे!

सासरे लगेच म्हणाले, "मी म्हणत नव्हतो, शेजाऱ्याने बांध कोरलाय!" तेव्हापासून जेवताना तोच विषय. पण दुसऱ्या दिवशी मुलीने दोरीने लांबीचा बांध मोजला तर ५९ मीटर आला. क्षेत्र निम्मं दिसतंय तर लांबीही निम्मी दिसायला हवी ना? ५९ चं निम्मं साडेएकोणतीस, नकाशावर तर ४२. माझं डोकं चालेना. भांडण बांधावर जायच्या आत कोणीतरी सांगा.

घाईगडबड:
सोपं आहे. झेरॉक्स लहान झालीय. ४२ भागिले ५९ म्हणजे ०.७१. तुमच्या १०.०८ आरला ०.७१ ने भागा, झालं.

बोरीचंझाड:
भागलं. १४.२ आलं. सासरे म्हणतात, "बघ, सहा आर गेलेच."

साखळीवाला:
सासऱ्यांना म्हणावं, थोडा दम धरा. मी मोजणीदार होतो, आता निवृत्त आहे. हे दुखणं जुनंच.

मूळ नकाशा ए-३ कागदावर असणार. झेरॉक्सवाल्याकडे ए-४, म्हणून तो ७१ टक्क्यांवर काढतो. ए-३ मधोमध दुमडला की ए-४ होतो. कागद निम्मा झाला, पण आकार तोच ठेवायचा तर बाजू निम्मी करून चालत नाही. २ च्या वर्गमुळाने भागावी लागते, म्हणजे ०.७१ पट. तुमच्या शेताची लांबी ०.७१ पट झाली आणि रुंदीही. घाईगडबड यांनी एकदाच भागलं. १४.२ ला पुन्हा ०.७१ ने भागा: २०. बांध जागेवर आहे.

छापलेला १:१००० हा आकडा कागद आकसला तरी तसाच राहतो, तिथेच माणूस फसतो. नकाशाच्या खाली ० ते ५० मीटरची रेषा आहे का? ती मात्र चित्राबरोबर आकसते. मूळ ५ सेमीची असणार. मोजून सांगा.

आमच्या वेळच्या जुन्या गाव नकाशावर इंचाला २० साखळ्या असत, साखळी ३३ फुटांची. एक साखळी लांब, एक साखळी रुंद तो गुंठा. मग नकाशावरच्या १ चौरस इंचात किती जमीन? खात्यात नवीन आलेला पोरगा हमखास २० गुंठे म्हणायचा. ४०० गुंठे, म्हणजे १० एकर! त्याला त्या दिवशीचा चहा पाजावा लागे.

आणि हद्दीची खरीच शंका असेल तर झेरॉक्सवरून भांडू नका. भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करा.

घाईगडबड:
चुकलो. माझ्यामुळे सहा आर गेले असते.

फळाखडू:
गणित शिकवते म्हणून राहवत नाही. 'क्षेत्रफळांचे गुणोत्तर संगत बाजूंच्या वर्गांच्या गुणोत्तराएवढे असते' हे माझ्या वर्गात सगळ्यांना पाठ आहे. मग मी भारतीय सर्वेक्षण खात्याचा १:५०,००० नकाशा देते, त्यावर ४ चौ. सेमीचा तलाव. १ सेमी म्हणजे अर्धा किमी, म्हणून तलाव २ चौ. किमी, असं निम्मा वर्ग लिहितो. अहो, २ सेमी बाजूचा चौरस काढा की! बाजू १ किमी, तलाव १ चौ. किमी. चौरस काढून दाखवल्यावर बहुतेकांना पटतं, नुसतं सूत्र सांगून नाही.

मुलीला सांगा, तिच्या झेरॉक्सचं खरं प्रमाण साधारण १:१४१० आहे. तेच पेनाने कोपऱ्यात लिहून ठेवू दे.

बोरीचंझाड:
रेषा आहे! साडेतीन सेमीला किंचित जास्त भरली. मुलीने प्रमाण लाल पेनाने लिहिलं, वर १:१००० वर काट मारली. सासऱ्यांनी हिशेब तीनदा करायला लावला. मग स्वतः दोरी घेऊन रुंदी मोजायला गेले. ३४ मीटर. ५९ × ३४ = २००६.

येताना शेजाऱ्यांकडे ताक पिऊन आले. बांधाचा विषय काढला नाही म्हणे.