उसाच्या पानामागं पांढरं दिसतंय: लोकरी मावा की पाकोळी?

मिरज_आडसाली: को 86032 जातीचा ऊस, डोक्याच्या वर गेलाय. खालची पानं चिकट झालीत, त्यावर काळी बुरशी. पानामागं कापसासारखं पांढरं. दुकानदार म्हणतो लोकरी मावा आहे, औषध मारा. शेजारचे काका म्हणतात पाकोळी. फवारू का?

बांधावरचा: चिकटा आणि काळी बुरशी या दोन्ही किडींत येते, त्यावरून ओळखता येत नाही. पान हलवून बघा. पाकोळी लगेच उड्या मारत सुटते. वाळल्या गवताच्या रंगाची असते, डोकं पुढं चोचीसारखं निघालेलं. पिलांना मागं दोन पांढरे तुरे. मावा जागचा हलत नाही. मधल्या शिरेच्या दोन्ही अंगांना पांढरा थर असतो, बोटानं पुसला की खाली किडे दिसतात. त्याची मादी थेट पिलंच घालते, म्हणून बघता बघता पसरतो.

तात्या_वाळवा: भाऊ, पांढरं दिसलं की मावाच, असं धरू नका. पाकोळीच्या अंड्यांच्या पुंजक्यावरही पांढरी लव असते. आणि पाकोळीचं रक्त शोषून जगणारी एपिरिकेनियाची अळी आहे ना, तिचे कोषही पांढरेच! सुटे, लंबगोल. ते असतील तर पंप घरातच ठेवा. 2002 ला आपल्या सांगलीकडं लोकरी मावा आला तेव्हा लोक औषधांवर तुटून पडले होते. पण एवढ्या उंच उसात फवारा पानामागं पोचणार कसा? मावा आवरला तो डिफाच्या अळ्यांनी आणि मायक्रोमसनं, हे मावा खाणारे मित्रकीटक.

मिरज_आडसाली: आत्ताच बघून आलो. उड्या मारतायत, तुरेवाली पिलंही आहेत. सुटे लंबगोल कोष बऱ्याच पानांवर. म्हणजे काका बरोबर?

तात्या_वाळवा: काकांना चहा पाजा. आता कोषवाल्या पानांचे तुकडे कापून, जिथं पाकोळी जास्त पण कोष नाहीत तिथल्या पानांना टाचा. शिफारस हेक्टरी 4000 ते 5000 कोषांची आहे. युरिया जादा देऊ नका, लुसलुशीत पानावर ही कीड जास्त येते. तोडणीनंतर पाचट पेटवू नका, त्यात हे कोषही जळतात.

बांधावरचा: आणि डिफा विकत आणू नका, ती माव्यावर जगते. पाकोळीला तिचा उपयोग नाही.

तासगाव_खोडवा: दादा, मी जवळच आहे. माझ्याकडं पाकोळी भरपूर, पण कोष एकही दिसत नाही. थोडी पानं न्यायला येऊ का?

मिरज_आडसाली: या की. सकाळी लवकर या, पिशवी आणा.