मदत हवी आहे: फेलोशिपला आलेली नवी मुलं तिसऱ्या आठवड्यात गळतात

पुलाअलीकडे
सर्वांना सलाम. सरळ मुद्द्यावर येतो. आमच्या कॉलेज फेलोशिपला, म्हणजे ख्रिस्ती विद्यार्थ्यांच्या दर आठवड्याच्या सभेला, यंदा जुलैत ३१ नवी मुलं आली. स्वागत जोरात केलं, गाणी, खेळ, वडापाव-चहा. फॉर्म भरून घेतले आणि त्याच रात्री सगळ्यांना ग्रुपवर घेतलं. रोज सकाळी बायबलमधलं एक वचन टाकतो. दुसऱ्या आठवड्याला १४ आले, तिसऱ्याला ६. मेसेजला अंगठा दाखवतात, येत मात्र नाहीत. एकाला फोन केला तर म्हणतो, 'दादा, सबमिशन आहे.' पहिल्या वर्षाला आत्ता कसलं सबमिशन? शनिवारी कमिटीची बैठक आहे, तोवर उपाय हवा. 'प्रार्थना करा' एवढंच लिहू नका, ती चालूच आहे.

कॅम्पातला जुना
कुठे भरते, किती वाजता, कोणत्या भाषेत? यातलं काहीच लिहिलेलं नाही.

पुलाअलीकडे
पुण्याच्या कॅम्पात. शनिवारी संध्याकाळी ७ ते ९. गाणी इंग्रजी-हिंदी, बोलणं मिक्स. पण याचा काय संबंध? पहिल्या दिवशी याच वेळेला ३१ आले होते ना.

श्रीरामपूरची
संबंध आहे. मी २०१६ साली श्रीरामपूरहून पुण्यात शिकायला आले. कर्वेनगरला हॉस्टेल, गेट साडेआठला बंद. कॅम्पातून बस मिळून पोचायला तासभर तरी लागायचा. पहिल्या शनिवारी मी साक्ष (कोणीतरी आपला विश्वासाचा अनुभव सांगणं) चालू असताना मधूनच उठले, सगळे वळून बघायला लागले. दुसऱ्या शनिवारी गेलेच नाही. 'का आली नाहीस' असा मेसेज आला, त्याला मीही 'सबमिशन'च लिहिलं. गेटचं सांगायची लाज वाटली. कोणी 'किती वाजता परत जायचं असतं?' असं विचारलं असतं तर लगेच सांगितलं असतं. ३१ मध्ये मुली किती?

पुलाअलीकडे
१७. आता येणाऱ्या ६ मध्ये एकच. हे असं मोजलं नव्हतं.

पेटीवाला
वेळेपेक्षा गाणी बघा. जालन्याच्या, नगरच्या खेड्यातल्या मंडळीत (चर्चमध्ये) वाढलेलं पोर टाळ-तबल्यावर भजनं म्हणत मोठं झालेलं असतं. त्याला एकदम इंग्रजी गाणी आणि गिटार. ते भिंतीला टेकून उभं राहतं. कवी ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि मराठी ख्रिस्ती माणसाला आपल्या चालीत गायला शिकवलं. ते सोडून आपण काय मिळवलं? दोन भजनं घ्या, पेटी ठेवा, मुलं टिकतील.

डोंगराकडचा
पेटीवाला, सरसकट नको. पुण्यात ईशान्येकडची आणि केरळची मुलंही खूप आहेत. त्यांना मराठी भजन म्हणजे तुमच्या जालन्याच्या पोराला इंग्रजी गाणं. आमच्याकडे पहिला महिना दोन्ही घेतो आणि शब्द भिंतीवर दाखवतो.

पेटीवाला
नुसते शब्द दाखवून चाल येत नाही.
अवांतर: पुण्यात पेटीचे सूर चांगले लावून देणारं कोणी माहीत आहे का? भाता पण गळतोय.

श्रीरामपूरची
व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे.

सीओईपीच्या रस्त्यावर
एक राहिलं. इंजिनिअरिंगच्या कॅप (प्रवेशाच्या) फेऱ्या जुलैनंतरही चालतात, काही मुलं ऑगस्टच्या शेवटी हॉस्टेलला येतात. जुलैचं स्वागत त्यांना मिळतच नाही आणि ती आली की जुनी मंडळी आपापल्या घोळक्यात बसलेली असतात. स्वागत एकदाच का? आमच्याकडे सप्टेंबरपर्यंत दर आठवड्याला दोघं फक्त दाराशी उभे असतात.

वाडिया बॅच
फॉर्मचं काय? मुलींचे नंबर कोणाकडे जातात? आमच्याकडे मुलीला मुलगीच फोन करते आणि नंबर कमिटीबाहेर जात नाही. न विचारता ३१ जणांना ग्रुपवर घेतलं म्हणजे प्रत्येकीचा नंबर ३० अनोळखी लोकांना दिला. आणि यातले ख्रिस्ती घरातले किती?

पुलाअलीकडे
२० ते २२. बाकीचे मित्रमैत्रिणींबरोबर आलेले.

वाडिया बॅच
मग जास्तच जपायला हवं. मैत्रिणीबरोबर सहज आलेल्या मुलीच्या फोनवर रोज सकाळी वचन येतं, घरच्यांनी बघितलं तर ती काय सांगणार? तिनं स्वतः विचारलं तर बोला. तोवर ती पाहुणी आहे, तसंच वागवा.

रविवार शाळा
आमच्या मंडळीत सुट्टीतल्या बायबल शाळेला ६ ते १२ वयाच्या मुलांना स्टिकर देतो, हजेरी फार सुधारली. रंगीत तक्ते हवे असतील तर सांगा.

पुलाअलीकडे
आमची मुलं १८ वर्षांची आहेत.

कोंढव्याची मावशी
बाळा, पुण्यात बहुतेक मेस रविवारी रात्री बंद असतात, हे तुम्हा पुण्याच्या घरात राहणाऱ्यांना कळत नाही. बाहेरगावचं पोर त्या रात्री बिस्किटं नाही तर मॅगी खातं आणि त्याच वेळी त्याला घरची सगळ्यात जास्त आठवण येते. आम्ही बारा वर्षं रविवारी संध्याकाळी चार मुलांना जेवायला बोलावतो. साडेपाचला या, आठच्या आत परत, लांबच्या मुलींना काका सोडून येतात. वरण-भात, बटाट्याची भाजी, पगार झाला असेल तर मटण. पहिल्या वेळी बायबल उघडत नाही. जेवणाआधीची प्रार्थना होते, मग गाव कुठलं, घरी कोण, रूममेट कसा. चारच्या वर बोलावत नाही, कारण पाचवा गप्प बसतो, हे मी पाहिलंय.

कॅम्पातला जुना
मावशी, मनापासून विचारतो. वचनच उघडलं नाही तर ती फेलोशिप कशी? जेवण कुठेही मिळतं.

कोंढव्याची मावशी
बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये, अध्याय ९ वाचा. शौल, म्हणजे पुढचा पौल, आधी ख्रिस्ती लोकांना छळायचा, म्हणून तो यरुशलेमला आला तेव्हा शिष्य त्याला भीत होते. बर्णबानं त्याला आपल्याबरोबर प्रेषितांकडे नेलं. आणि ११ व्या अध्यायात तोच बर्णबा शौलाला शोधायला तार्सला गेला. निरोप धाडून गप्प बसला नाही. आमच्याकडे दुसऱ्या-तिसऱ्या रविवारी मुलंच विचारतात, 'मावशी, आज वाचायचं नाही का?' मग वाचतो.

कॅम्पातला जुना
तार्सचं लक्षात नव्हतं. बरोबर आहे.

डोंगराकडचा
पुलाअलीकडे, तुमच्या सहा जणांना त्या पंचवीस जणांची नावं माहीत आहेत का?

पुलाअलीकडे (चार दिवसांनी)
नव्हती. फॉर्म काढून वाचले, मलाही निम्मी नावं तोंडानं घेता येईनात. बैठकीत ठरलं: वेळ साडेपाच ते सात. ग्रुप बंद, आधी माफी मागून. एकेका जुन्याकडे तीनच नवे, मुलींना ताया फोन करणार. दोघी तायांनी आतापर्यंत नऊ जणींना फोन केला, पाच जणींनी गेटचंच कारण सांगितलं. श्रीरामपूरची, तुम्ही लिहिलं नसतं तर मी अजून सबमिशनवरच चिडत बसलो असतो.
त्या मुलाला काल हॉस्टेलवर जाऊन भेटलो. तो शनिवार-रविवार दुपारपासून रात्री नऊपर्यंत एका दुकानात काम करतो, मेसचे पैसे भरायला. हे फोनवर कसं सांगणार होता तो. या रविवारी त्याला सुट्टी आहे. रूममेटलाही आणू का, विचारत होता.
मावशी, पत्ता व्यनित पाठवाल का? आम्ही तिघं असू, तुमचे चार धरून सात होतील. चालेल का?

कोंढव्याची मावशी
या. या वेळी दोन पंगती करू. पत्ता पाठवला आहे. त्या मुलाला तिखट चालतं का, तेवढं विचारून ठेव.