अनुभव धागा: तारेवरचा डबा आणि आपण

यावेळचा विषय रोपवे, केबल कार, गंडोला, उडनखटोला, तुमच्याकडे जे म्हणत असतील ते. सातारा-सांगलीच्या माणसांना डोंगर काही नवीन नाहीत. अजिंक्यताऱ्यावर सकाळी फिरायला जाणारे आपण, यवतेश्वरचा घाट गप्पा मारत चढणारे आपण. पण ते सगळं पाय जमिनीला टेकवून. लोंबकळत जायचं म्हटलं की भल्याभल्यांची बोलती बंद होते, असं माझं निरीक्षण आहे. त्यातही डब्यात समोर कोण बसलंय यावर निम्मा प्रवास ठरतो. तेच लिहा.

अटी दोनच. तिकिटाचे दर आणि वेळा नकोत, त्या बदलत राहतात. आणि ‘निसर्गरम्य’ हा शब्द जो वापरेल त्याच्याकडून पुढच्या कट्ट्याला सगळ्यांना चहा.

सुरुवात मीच करते. हाँगकाँगचं ओशन पार्क. १९७७ साली सुरू झालेलं हे पार्क एका डोंगराने दोन भागांत तोडलेलं आहे, अर्धं पायथ्याशी आणि अर्धं समुद्राकडच्या टेकाडावर. मधली दीड किलोमीटरची केबल कार ही तिथली नुसती राइड नाही, एका भागातून दुसऱ्या भागात जायचा रस्ताच आहे. छोटे गोल डबे, रांगेत एकामागोमाग येणारे. माझ्या डब्यात दोन्ही मुलं, नवरा आणि सासूबाई. सासूबाईंनी दार लागायच्या आधीच डोळे मिटून मारुतीस्तोत्र सुरू केलं होतं. पहिला चढ संपून डबा डोंगराच्या कडेला आला आणि खाली एकदम समुद्र. धाकटा किंचाळला म्हणून त्यांनी डोळे उघडले. मला वाटलं, आता संपलं. तर शांतपणे मला विचारतात, “पडलो तर तुला पोहता येतं का गं?” नाही म्हटल्यावर म्हणाल्या, “मग कशाला घाबरायचं? बघून घेऊ.” आणि उरलेला सगळा वेळ काचेला नाक लावून.

परतीला आम्ही डोंगराच्या पोटातून जाणारी गाडी घेतली. ओशन एक्स्प्रेस नावाची, २००९ पासून आहे. आत पाणबुडीचा देखावा केलाय. मुलं खूश. सासूबाईंचा अभिप्राय: “पैसे देऊन बोगदाच बघायचा तर खंबाटकीचा काय वाईट होता?”

आता तुमची पाळी.
(घाटमाथा, सातारा)

—

पोवईनाका:
आमचा रोपवे म्हणजे पुसेगावच्या यात्रेतला आकाशपाळणा. वर गेल्यावर पाळणेवाला मुद्दाम थांबवायचा. चालेल का इथे?

घाटमाथा:
चालेल, पण पूर्ण लिहा. अर्धवट नको.

पोवईनाका:
पूर्ण एवढंच की मावशीची चप्पल वरून खाली रसाच्या गाड्यावर पडली आणि तो रसवाला ती परत देईना.

—

द्राक्षबाग:
आमी तासगावकडचं. चौघा बागायतदारांनी मिळून व्हिएतनामचा टूर केला. दा नांगजवळ बा ना हिल्स म्हणून आहे. फ्रेंचांनी बांधलेलं थंड हवेचं ठिकाण, आता सगळं थीम पार्क केलंय. वर जायला केबल कार. २०१३ साली जी लाइन सुरू झाली ती पावणेसहा किलोमीटरच्या आसपास आहे आणि एका दमात १३०० मीटरपेक्षा जास्त उंची चढते. हिशेब करा. समुद्रापासनं आपलं महाबळेश्वर जेवढं उंच, जवळपास तेवढी चढण वीसेक मिनटांत. ना घाट, ना उलट्या, ना वाटंत वडापाव.

खाली जंगल असं की झाडाचा बुंधा कुठं दिसंना. आमच्यातला एकजण पहिली पाच मिनटं नुसता ‘आयला’ म्हणत होता, दुसरं काय न्हाई. मग निम्म्याच्या वर गेल्यावर डबा ढगात शिरला. बाकीची मंडळी मोबाइल काढून आनंदानं वरडायला लागली. आमी चौघं गप. कारण ढग बघितलं की आमच्या पोटात गोळा येतो. बागंवर असं धुकं बसलं की सकाळी डाऊनीचं, म्हंजी द्राक्षावरच्या बुरशी रोगाचं, डाग बघाय लागतंय. एकजण तर म्हणाला, “औषध कुठलं मारत्यात इथं?” शेजारच्या डब्यातली पुण्याची पार्टी परत खाली भेटली तवा त्यांना सांगितलं, त्यांना काय कळंना.

वर ते दोन हातांनी उचललेला पूल हाय, २०१८ सालचा. हात दगडाचे वाटत्यात, पण फायबरचे हायत. जवळ जाऊन हात लावून बघितला. गर्दी लई. आमाला पुलापेक्षा डबाच आवडला. उतरताना चौघं एका बाजूला बसलो तर डबा कलला. समोरची बाई आमच्याकडं अशी बघायली की आमीच दोघं उठून तिच्या शेजारी जाऊन बसलो.

—

भडंगप्रेमी:
@द्राक्षबाग, ‘वाटंत वडापाव न्हाई’ हीच तर मोठी त्रुटी. रोपवे आवडत नाही मला त्यामुळेच. प्रवास सुरू होतो न होतो तोच संपतो.

—

वायररोप:
मी साखर कारखान्यात फिटर होतो. गव्हाणीवर मोळी उचलणाऱ्या क्रेनचे दोर बघण्यात उमेदीची वर्षं गेली. त्यामुळे मलेशियात मुलाकडे गेलो आणि त्याने गेंटिंगला नेलं, तेव्हा घरची सगळी वर थीम पार्ककडे पळाली आणि मी स्टेशनातच उभा. अवाना स्कायवे ही तिथली केबल कार, २०१६ सालची. मध्ये चिन स्वी देवळाचं स्टेशन आहे, तिथेही उतरून बघितलं. देवळापेक्षा चाकं जास्त.

लोकांचा समज असतो की डबे दोराला कायमचे बांधलेले असतात. इथे तसं नाही. दोर अखंड फिरत असतो, सेकंदाला पाच-सहा मीटरच्या वेगाने, आणि डबा त्याला वरून जबड्याने पकडतो. जबड्याला स्प्रिंगची ताकद. स्टेशनात आलं की पकडीचा दांडा एका पट्टीवर चढतो, जबडा उघडतो, डबा दोर सोडतो. मग वर ओळीने लावलेले रबरी टायर त्याचा वेग उतरवत नेतात, आपण चालता चालता आत पाऊल टाकू शकतो इतका. बाहेर पडताना उलट: टायर वेग देतात, दोराच्या वेगाला आला की जबडा मिटतो. आपल्याला जो हलका हिसका बसतो तो तिथला. दोर मात्र क्षणभरही मंद होत नाही. सगळ्यात डोक्याचं काम म्हणजे दोराची दोन टोकं जोडणं. गाठ नाही मारत. पीळ सोडवून एकमेकांत विणतात, बऱ्याच लांबीवर, आणि जोड बोटाला लागत नाही. आमच्याकडे असा विणणारा माणूस मिळाला असता तर हंगामात किती खाडे वाचले असते.

रायगडचा प्रकार वेगळा. १९९६ पासून चालू आहे. तिथे खालून डबे निघतात तेव्हाच वरून दुसरे सुटतात आणि मध्ये एकमेकांना ओलांडतात. रहाटाच्या दोन्ही टोकांना घागरी बांधल्यासारखं. उतरणाऱ्याचं वजन चढणाऱ्याला ओढतं, मोटरला फक्त फरक ओढायचा असतो.

—

घाटमाथा:
काका, हे वाचून माझी भीती कमी झाली की वाढली ते ठरवतेय.

—

शिवभक्त_वाई:
रायगडचा विषय निघालाच आहे तर स्पष्ट लिहितो. गड पायीच चढावा. दीड हजाराच्या आसपास पायऱ्या, महादरवाजा समोर येतो तेव्हा छाती भरून येते. रोपवेने चार-पाच मिनिटांत वर जाऊन काय कळणार?

विश्रामबागची आजी:
बाळा, माझे दोन्ही गुडघे मिरजेत बदललेत. पायऱ्या चढून छाती भरून यायच्या आधी दुसरंच काहीतरी होईल. शाळेत असताना सहलीला पायी चढले होते, ते आठवतंय. म्हातारपणी महाराजांच्या समाधीपुढे डोकं टेकायचं होतं, ते त्या डब्यामुळे झालं. खालचं स्टेशन हिरकणीवाडीत आहे. डबा कड्याला लागून वर चढत होता तेव्हा नातीला हिरकणीची गोष्ट सांगत होते. गवळण, घरी तान्हं बाळ, दरवाजे बंद झालेले, म्हणून रात्रीची कडा उतरून गेली. नात खाली बघून म्हणाली, “इथून?” आणि मग बराच वेळ बोललीच नाही. पुस्तकात वाचून तिला ते तसं कळलं नसतं. पायऱ्यांवरून चढणाऱ्यांना तो कडा असा समोरून दिसत नाही, हेही लिहून ठेव.

शिवभक्त_वाई:
आजी, तुमच्यासाठी नव्हतं ते. पंचविशीतल्या पोरांसाठी होतं.

भडंगप्रेमी:
पंचविशीतल्या पोरांच्या वतीने: जाताना पायी, येताना रोपवे. सहा जूनच्या आसपास मात्र दोन्हीकडे रांग.

—

माजी_सैनिक_सातारा:
नोकरीत असताना काश्मीरमध्ये बरीच वर्षं काढली. गुलमर्गलाच आर्मीचं हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल आहे, तिथे कोर्स झाला. बर्फ, पाठीवर ओझं, उस्तादाची शिवी आणि श्वास पुरत नाही, एवढंच आठवतं. निवृत्तीनंतर मंडळींना घेऊन त्याच गुलमर्गला पर्यटक म्हणून गेलो. गंडोलाचे दोन टप्पे आहेत. पहिला कोंगडोरीपर्यंत, १९९८ चा. दुसरा २००५ चा, अफरवट शिखराच्या खांद्यापर्यंत, ३९०० मीटरच्या वर. कळसूबाईच्या दुपटीहून जास्त.

दुसऱ्या टप्प्यात झाडं संपतात आणि खाली नुसता बर्फ. मी नेहमीच्या सवयीने उताराकडे बघत होतो, कुठून हिमकडा सुटेल, कुठून वाट काढता येईल. मंडळी माझ्याकडे बघत होती. म्हणाली, “तुम्ही पत्रात लिहायचा, इकडे सगळं मजेत आहे. ही मजा?” मी म्हटलं, हो. अजून काय लिहिणार? पत्र आधी तुझ्या सासऱ्यांच्या हातात पडायचं.

वर उतरल्यावर दम लागतो, पळापळ करू नये. आमच्या डब्यातल्या एका तरुणाने उतरल्या उतरल्या बर्फात धाव घेतली आणि दहा पावलांत खाली बसला. त्याला बसवून पाणी पाजलं, हळू श्वास घ्यायला लावलं. डब्यातून गेलं तरी उंची तीच राहते. चालत गेलेल्याला शरीर वाटेत समजावून सांगतं, बसून गेलेल्याला वर गेल्यावर सांगतं.

—

इस्लामपूरची_परिचारिका:
माझा अनुभव जरा वेगळा. उत्तरेकडच्या एका देवस्थानचा रोपवे, नाव लिहीत नाही. मध्यावर डबा थांबला. आमच्यासोबत एक अनोळखी जोडपं आणि त्यांचं लहान बाळ. पहिलं मिनिट सगळे हसतात. मग कोणी बोलत नाही. मग बाळाच्या आईचे हात थरथरायला लागले. रुग्णालयात रोज बघते मी हे, पण तिथे पायाखाली फरशी असते. मी तिला बोलतं ठेवलं: गाव कुठलं, बाळाचं नाव काय, दात आले का. आवाज माझाही बदलला होता, तो नवऱ्याने ओळखला, नंतर सांगितलं. थोड्या वेळाने डबा निघाला. वर देवळात त्या बाईने माझ्या हातात प्रसादाचा अख्खा पुडा दिला आणि गर्दीत गेली.

पण तेव्हापासून प्रश्न आहे: मध्येच थांबतो का? बिघाडच असतो का? एप्रिल २०२२ मधला झारखंडच्या त्रिकूट डोंगराचा अपघात वाचल्यापासून मन धजत नाही. हवाई दलाला हेलिकॉप्टरने माणसं काढावी लागली, आणि तरी काहींचे जीव गेलेच.

वायररोप:
ताई, त्रिकूटचं लहान करून सांगणार नाही. दुर्घटना ती दुर्घटना. पण रोजचं थांबणं बहुतेक वेळा वेगळ्या कारणाने असतं. स्टेशनात कोणी चढताना अडखळलं, कुणाची पिशवी दारात अडकली, की तिथला माणूस बटण दाबतो आणि सगळी तार थांबते. वारा वाढला तर वेग उतरवतात, जास्तच वाढला तर बंद करतात. खांबांवर दोर जागेवरून सरकला तर ते ओळखणारे स्विच असतात, तेही मोटर बंद करतात. म्हणजे थांबणं ही सोय आहे. वीज गेली तर डिझेलवरचं इंजिन असतं, ते हळूहळू सगळे डबे आत आणतं. आपण बघायचं ते एवढंच की चालवणारा वाऱ्याकडे लक्ष देतो का. जिथे वादळी हवेतही ‘चला, चला, बसा’ चाललंय, तिथे मी बसणार नाही. आणि थांबलेल्या डब्यात उभं राहून झोके देणारी पोरं असतील तर त्यांना खाली बसवा, नर्सच्या आवाजात.

इस्लामपूरची_परिचारिका:
तो आवाज आहे माझ्याकडे. 🙂

—

औदुंबरकर:
गिरनारचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. २४ ऑक्टोबर २०२० ला तिथला रोपवे सुरू झाला, सव्वादोन किलोमीटरहून थोडा लांब. आमच्याकडे दत्ताची मंडळी दरवर्षी जाणारी, त्यात दोन तट पडले. एक म्हणतो दहा हजार पायऱ्या हीच सेवा. दुसरा म्हणतो वय झालं. पण एक लक्षात घ्या, रोपवे अंबाजीपर्यंतच नेतो. तिथून गोरक्षनाथ, मग उतरण, मग परत चढण, तेव्हा दत्तपादुका. ते सगळं पायीच. नवीन माणूस वर उतरतो, ‘आलो’ म्हणून हात जोडतो, आणि मग त्याला समोरचं शिखर दाखवावं लागतं. ते तोंड बघण्यासारखं असतं.

मी मध्यरात्री पायथ्याहून चढणारा. मागच्या वेळी वडिलांसाठी डब्यातून गेलो. खाली तीच पायवाट वळणं घेत जाताना दिसली, तिच्यावर बॅटरी घेऊन बसायची ती दगडं दिसली. वडील म्हणाले, “एवढ्यांदा चाललो यावरून, पण वाट कशी आहे ते आज बघितलं.”

विश्रामबागची आजी:
औदुंबरकर, अंबाजीच्या पुढे डोली मिळते ना?

औदुंबरकर:
मिळते आजी. पण भाडं वजनावर असतं, काट्यावर बसवतात.

विश्रामबागची आजी:
काटा घरात आहे माझ्या. दत्तजयंतीची गर्दी टाळून कधी निघताय ते कळवा. आणि घाटमाथा, तुझ्या सासूबाईंना विचार येतात का. डब्यात समोर त्या हव्यात.