'रेट्रो'ला मराठीत काय म्हणावं? 'स्मरणरंजन' चालेल का?

सुईदोरा

मुलीच्या कॉलेजात गॅदरिंगआधीचे 'डेज' सुरू झालेत. साडी डे, ट्रॅडिशनल डे पार पडले, आता 'रेट्रो डे' आहे. वाङ्मय मंडळाला फलक मराठीत हवाय आणि कुणीतरी 'स्मरणरंजन दिन' असं सुचवलंय. मला ते खटकतंय. ही पोरं २००५-०६ सालची. साधना कट, बॉबी प्रिंटचा ब्लाउज, बेलबॉटम, कान झाकणारे केस, यातलं त्यांनी काय पाहिलंय म्हणून त्याचं स्मरण व्हावं? बरं, यादीही एका काळाची नाही. साधनाच्या कपाळावरची झालर १९६० सालची, 'बॉबी'चे ठिपके १९७३चे. मध्ये तपाहून जास्त अंतर. पण रेट्रो म्हटलं की सगळं एकाच गाठोड्यात!

तर शब्द सुचवा. शिवाय 'सत्तरचं दशक' लिहायचं की 'सातवं', यावरून मंडळात दोन तट पडलेत. त्याचाही निकाल लागला तर बरं.

कानामात्रा

खटकलं ते योग्यच. 'स्मरणरंजन' आपण 'नॉस्टॅल्जिया'साठी वापरतो, पण दोन्हींची जातकुळी वेगळी. नॉस्टॅल्जिया हा मुळात रोग होता. योहानेस होफर नावाच्या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने १६८८ साली बाझेलला प्रबंध लिहिला आणि त्यात हा शब्द घडवला. 'नोस्टोस' म्हणजे घरी परतणं आणि 'आल्गोस' म्हणजे वेदना, हे दोन ग्रीक शब्द त्याने जोडले. रोगी कोण? घरापासून लांब राहणारे स्विस लोक. पुढे परमुलखात चाकरीला गेलेल्या स्विस शिपायांशी हा आजार कायमचा चिकटला. म्हणजे ओढ होती ती गावाची. काळाची ओढ हा अर्थ फार नंतरचा.

आपल्या शब्दात ती वेदना कुठेच नाही. आठवायचं आणि सुखवायचं, मामला संपला. म्हणूनच मराठी परीक्षणांत हा शब्द बहुतेकदा नाक मुरडायला येतो. 'लेखन वाचनीय आहे, पण स्मरणरंजनापलीकडे जात नाही' हे वाक्य कुणी वाचलं नसेल असं नाही. दुखरेपणा हवा असेल तर 'स्मृतिकातर' किंवा 'गतकातर' जवळचे. कातरवेळ म्हणा, कातर आवाज म्हणा, 'कातर' आलं की गळा दाटलाच.

पण तुमच्या पोरांना यातलं काहीच लागू नाही. ती मजा करताहेत आणि ती मजा न जगलेल्या काळाची आहे. स्मरण नाही, कातरता तर नाहीच.

टिचकी

रेट्रोच राहू द्या की. टेबल, बटण, बस चालतात ना?

जुनाबाजार

टिचकी, शब्द परका आहे ही अडचण नाहीच. अडचण ही की रेट्रो, विंटेज आणि अँटिक हे तिन्ही आपण एकाच खुंटीला टांगतो. पुण्यात बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात चक्कर मारा. पितळी कुलूप, बंद पडलेला ट्रान्झिस्टर, काल-परवाचा चिनी कंदील, विक्रेत्याच्या तोंडी सगळंच 'अँटिक पीस'!

'अँटिक'ला निदान कायद्याचा काठ आहे. पुरावस्तूंचा १९७२चा कायदा साधारणपणे शंभर वर्षं मागतो, हस्तलिखितांना पंचाहत्तर. 'विंटेज' गाड्यांनाही २०२१ पासून नियम आहे. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूप राखलेली दुचाकी किंवा चारचाकी असेल तर नंबरात 'व्हीए' ही अक्षरं मिळतात. म्हणजे 'बॉबी' लागला त्या वर्षीची स्कूटर आज कायद्याने विंटेज ठरू शकते.

रेट्रोला असला काही काठ नाही, कारण रेट्रो वस्तू जुनी नसतेच. लॅटिनमध्ये 'रेट्रो' म्हणजे मागे. नव्या वस्तूने मागे पाहून वेश करायचा. सारेगामाने २०१७ साली काढलेला 'कारवां' घ्या. रूप जुन्या ट्रान्झिस्टरचं, पण आत तबकडी नाही की फीत नाही, पाच हजार गाणी आधीच भरलेली. हीच कंपनी पूर्वी ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडिया होती. तिची ७८ फेऱ्यांची तबकडी जुन्या बाजारात सापडली तर ती विंटेज. कारवां रेट्रो. एकाच घरातली आजी आणि आजीचं लुगडं नेसून मिरवणारी नात.

नाशिककर

थोडं अवांतर. 'विंटेज' हा मुळात द्राक्षांच्या काढणीचा शब्द आहे. अमुक सालच्या हंगामाची वाइन म्हणून अमुक विंटेज. आमच्याकडे द्राक्षं पुष्कळ पिकतात, पण 'विंटेज' आधी पोचला तो गाड्यांवर बसून.

सुईदोरा

जुनाबाजार, वेशाचा मुद्दा पटला. मग 'जुन्या वळणाचा दिवस' म्हणावं का?

कानामात्रा

नको ताई, अर्थ उलटा होईल. 'आमच्या सासूबाई जुन्या वळणाच्या' म्हटलं की सोवळं, डोक्यावरचा पदर, तिन्हीसांजेला उंबऱ्यात दिवा असलं काहीतरी डोळ्यापुढे येतं. वळण वागण्याचं असतं, अक्षराचं असतं, कपड्याचं नव्हे. आणि बेलबॉटम घालणाऱ्या पोराला त्या काळी जुन्या वळणाचे वडीलच तर ओरडत होते, 'झाडू मारतोयस की चालतोयस?' ज्यांच्याशी त्या पँटचं भांडण होतं त्यांचंच विशेषण तिला लावायचं?

'जुनाट'मध्ये तुच्छता आहे, 'कालबाह्य'मध्ये निकाल लागलेला आहे. 'जुनेर' सुंदर शब्द, पण ते अंगावर विरलेलं लुगडं, गोधडीसाठी राखून ठेवलेलं. माझं मत 'धाटणी'ला. जुन्या धाटणीचा चष्मा, जुन्या धाटणीचा पंखा. यात वस्तू नवी असली तरी चालते, आणि कौतुक की हेटाळणी हे वाक्यावर सोडलेलं असतं.

मुंग्या

दशकाचं सांगतो. १९७१ ते ८० हे विसाव्या शतकातलं आठवं दशक. सातवं म्हणजे १९६१ ते ७०. पण 'सातवं' वाचून दहातले नऊ जण १९७०ची वर्षं धरतात, म्हणून तो शब्द फलकावर नकोच. 'सत्तरचं दशक' लिहावं, १९७० ते ७९. 'सत्तरीचं' लिहू नये. सत्तरी माणसाला लागते, तेव्हा सत्कार करतात. 'साठोत्तरी' तर अजिबात नको. वाङ्मय मंडळ आहे म्हणून सांगतो, तो शब्द वाचून लघुनियतकालिकांवर परिसंवाद आहे असं समजून कुणी प्राध्यापक यायचे.

आता मूळ विषयात माझी भर. वेश बाजूला ठेवा, जुनी माध्यमं आपल्या क्रियापदांत मुक्काम ठोकून आहेत. कुणी तेच तेच बोलू लागलं की 'याची पिन अडकली' म्हणतो. ज्या पोरांनी तबकडीवरची सुई पाहिली नाही, तीही म्हणतात. फोनला तबकडी उरली नाही तरी आमच्याकडे अजून 'जरा नंबर फिरव रे' चालतं. टीव्हीवर मुंग्या यायच्या. अँटेना हलला की पडद्यावर काळे-पांढरे ठिपके वळवळत, त्या मुंग्या. एक जण गच्चीवर, एक खिडकीत आणि तिसरा टीव्हीपुढे बसून 'आल्या, आल्या... गेल्या, थांब तिथेच!' असं ओरडणारा. मुंबई दूरदर्शन १९७२ साली सुरू झालं, रंग आला १९८२ साली. त्या काळातल्या मुलांनी 'व्यत्यय' हा शब्द शाळेआधी त्यांच्या पाटीवर वाचला असेल.

सर्वांत चिवट क्रियापद मात्र 'भरणं'. कॅसेटच्या दुकानात गाण्यांची यादी द्यायची, साठ मिनिटांची की नव्वदची ते सांगायचं आणि चार दिवसांनी 'भरून' न्यायची. शेवटचं गाणं बाजू संपली म्हणून कडव्यात तुटलेलं असायचं. पाठीवरच्या कडेचा प्लास्टिकचा चिमुकला तुकडा मोडला की कॅसेटवर पुन्हा काही भरता येत नसे. कुणी तिथे चिकटपट्टी लावून आजोबांच्या कीर्तनावर सिनेमाची गाणी भरली, की घरात महाभारत! पुढे मोबाइल आले, कॅसेटची दुकानं गेली, पण स्टँडसमोरच्या टपरीवर मेमरी कार्ड पुढे करून लोक म्हणत, 'गाणी भरून दे रे.' कार्डात फीत नव्हती, पण क्रियापद तेच.

जुनाबाजार

मुंग्या, यात 'रीळ' घाला. दोऱ्याचं रीळ, सिनेमाचं रीळ, कॅमेऱ्यातलं रीळ. आता पोरं करतात ती 'रील', ल लसणातला, आणि स्त्रीलिंगी. ळ गेला, लिंग बदललं, दहा-अकरा मिनिटांचं रीळ अर्ध्या मिनिटावर आलं. हा निराळाच शब्द मानावा असं मला वाटतं.

टिचकी

ज्यांना 'रील' म्हणताय त्यातच जुन्या कॅमेऱ्याचे ओरखडे मुद्दाम घालायची सोय असते हो. आम्ही घालतो. छान दिसतं. त्याला मराठीत काय म्हणाल?

कानामात्रा

लबाडी.

सुईदोरा

मंडळाचं ठरलं. फलकावर वर मोठ्या अक्षरात 'धाटणी सत्तरची', खाली बारीक 'रेट्रो डे', नाहीतर कुणाला कळायचं नाही. 'सातव्या दशका'चा तट अजून रुसून बसलाय, त्यांना मुंग्या यांचा प्रतिसाद छापून दिला आहे. मुलीचा हट्ट आहे की साधना कटच करणार, १९६०चा असला तरी. तिला म्हटलं, कर. सत्तर साली काय कुणाचे केस एका रात्रीत बदलले नव्हते.

'लबाडी'वर वेगळा धागा काढा कुणीतरी.